घे म्हटल्याशिवाय

आमच्या घरात एकूण तीन कुत्री झाली. त्यांची नावं मी इथे लिहिणार नाही. एक तर ती अगदीच फालतू नावं होती, बाबांना त्या बाबतीत काही सुचायचंच नाही. आणि दुसरं म्हणजे, ती कागदावर उतरली की मला पुढचं लिहिवत नाही.

पहिला एकलहऱ्याच्या वसाहतीतला. बाबा तिथल्या थर्मल वीजकेंद्रात शिफ्टमध्ये होते. आई म्हणते तो पांढरा होता. मला तो राखाडीच आठवतो, कारण दोरीवरच्या कपड्यांवर जी राख बसायची तीच त्याच्याही अंगावर असायची. तो जातीचा हावरट होता. साबणसुद्धा खाऊन बघायचा. मी चौथीत असताना पलीकडच्या मळ्याच्या बांधावर कुणीतरी डुकरांसाठी विष कालवून कणकेचे गोळे ठेवले होते, ते त्याने खाल्ले. कसाबसा घरापर्यंत आला आणि बाबांच्या मांडीवर मेला. पुढचे कितीतरी दिवस बाबा आईशी बोलले नाहीत, जणू विष तिनेच कालवलं होतं.

त्यानंतर घरात कायदा आला. दुसरा कुत्रा आला तो पिल्लू असल्यापासूनच बाबा त्याच्यासमोर भाकरीची ताटली ठेवायचे आणि नुसते बघत बसायचे. तो पुढे आला की म्हणायचे, "नको." तो मागे सरायचा. लाळ गळत गळत त्याची छाती ओली व्हायची. मग कधीतरी बाबा म्हणायचे, "घे." त्या एका शब्दानंतरच खायचं. आई म्हणाली, अहो, मुक्या जिवाचा छळ मांडलाय. बाबा म्हणाले, "जगंल तरी. रस्त्यावरचं कुणी काही टाकलं तर तोंड लावायचं नाय त्यानं. आणि घे म्हणणारा घरात एकच पायजे. तुम्ही लाड करा, घे म्हणू नका."

तेव्हापासून आमच्या घरात तो शब्द बाबांच्या मालकीचा झाला. आई मला "भाजी घे" म्हणायच्या ऐवजी "वाढते" म्हणायला लागली. पाहुण्यांना वाटायचं, काय शुद्ध बोलतात. बाबा सेकंड शिफ्टला असले की कुत्रा त्यांची वाट बघत उपाशी, आणि नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही म्हणून आईही उपाशी. दोघं दारात शेजारी शेजारी बसलेले असायचे. मी चिडवलं की आई म्हणायची, "त्याला निदान घे म्हणतात तरी."

दुसरा चांगला म्हातारा होऊन गेला. तोवर बाबा रिटायर होऊन आम्ही इंदिरानगरला रो-हाऊसमध्ये आलो होतो. माझं लग्न झालं ते त्याच भागात. बाबा सगळ्यांना सांगायचे, "म्हातारपणानं गेला, विषानं नाय." त्यात दुःखापेक्षा अभिमानच जास्त होता. मग पेठ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याकडून शर्टात घालून त्यांनी तिसरी आणली. तांबडी, एक कान पडलेला. ही सगळ्यांत शहाणी निघाली. हिला दोनदा सांगावं लागलं नाही.

ती मोठी झाली, थोराड झाली, तोंडावर पांढरे केस आले. एक दिवस सकाळी बाबांनी तिची ताटली खाली ठेवली, सरळ होताना भिंतीला हात लावला आणि तिथेच खाली बसले. तोंड वाकडं झालं होतं. आईने मला फोन केला, शेजाऱ्यांनी गाडी काढली, सगळी धावपळ. दुपारी मी कपडे न्यायला घरी आले तर कुत्री ताटलीसमोर तशीच बसलेली. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. ती माझ्या मागे बघत होती, अजून कुणी आत येतंय का म्हणून.

बाबा दवाखान्यात होते तोवर आम्ही काय नाही केलं. शेजारणीने चिकन आणलं. आईने बाबांसारखा आवाज काढून "घे" म्हणून पाहिलं. एरवी मी हसले असते. माझ्या फोनमध्ये एका वाढदिवसाचा व्हिडिओ होता, त्यात बाबा कुणाला तरी "घे की" म्हणतात. तो मी तिच्यासमोर लावला. तिने कान टवकारले, फोनच्या मागे जाऊन पाहिलं आणि मग फाटकापाशी जाऊन बसली. जनावरांचे डॉक्टर घरी येऊन तिला सलाईन लावून गेले. कुणी बघत नसताना दोन-चार घास खात असावी, म्हणून तगली. पण बरगड्या मोजता येत होत्या. हाल कुत्रं खाईना ही म्हण तेव्हापासून आमच्याकडे कुणी वापरत नाही.

बाबा घरी आले. उजवी बाजू लुळी, आणि भाषेतला एकच शब्द शिल्लक. नको. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एकच शब्द अडकून बसतो, त्यांना म्हणायचं असतं दुसरंच. चहा समोर केला की बाबा "नको" म्हणायचे आणि डाव्या हाताने कप ओढायचे. पहिले दोन दिवस आम्ही हसलो. तेही हसले.

आईने त्यांची खुर्ची अंगणात ठेवली आणि ताटलीत दूधभाकरी कुस्करली. कुत्री त्यांना बघून अंगभर हलत होती. ताटलीजवळ आली आणि बाबांच्या तोंडाकडे बघत थांबली. मला वाटलं, सुटलो. बाबांनी सगळा जीव एकवटला. ओठ जुळवले. शब्द आला तो, "नको."

ती मागे सरली.

बाबा घाबरले. "नको," म्हणाले. मग जोरात, "नको! नको!" ती आणखी मागे, शेपूट पायांत घालून पार भिंतीपर्यंत गेली. बाबा रडायला लागले आणि रडतानाही तेच म्हणत होते. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना पाहिलं. मला कुणाचा तरी इतका राग आला होता, पण कुणाचा ते ठरवता येईना.

मग आई उठली. चाळीसेक वर्षांच्या संसारात जिने त्यांना कधी अडवलं नव्हतं, तिने मागे उभं राहून त्यांच्या तोंडावर आपला तळवा घट्ट दाबून धरला. म्हणाली, "आता द्या." बाबांनी डाव्या हाताने घास पुढे केला. कुत्री पुढे आली, घास तोंडात धरला आणि न गिळता थांबली. बाबांनी मान हलवली. पुन्हा हलवली. तिने गिळला. आम्ही तिघंही रडत होतो आणि ती खात होती.

त्या दिवसापासून बाबांनी तोंड मिटलं. ती सदानकदा त्यांच्या पायाशी, आणि एक नको निसटला की दचकून मागे सरायची, पुढच्या जेवणाला पुन्हा अडायची. स्पीच थेरपीला एक मुलगी घरी यायची. ती म्हणायची, काका, चुकीचं आलं तरी चालेल, पण बोला. नको म्हणता म्हणताच दुसरे शब्द येतील. आत्ताचे महिने गेले तर मग अवघड आहे. बाबा ओठ घट्ट मिटून कुत्रीकडे बोट दाखवायचे. तिला मागच्या अंगणात बांधलं तर ती दार खरवडायची, आणि तिच्या विव्हळण्यापुढे बाबांचं कशातच लक्ष लागायचं नाही. मी तिला माझ्या घरी न्यायला आले, तर त्यांनी तिचा पट्टा चांगल्या हाताने असा धरला की माझ्याने सोडवेना. मी ओरडले, "बाबा, कुत्री आहे ती! तुमची वाचा जाईल कायमची!" त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. त्यांना ते ठाऊक होतं. थेरपीची मुलगी पुढे यायची बंद झाली.

कुत्री आणखी दोन पावसाळे जगली. पोटभर खाऊन, त्यांच्या हातून. गेल्या थंडीत उन्हात त्यांच्या पावलावर मान ठेवून झोपली, ती उठलीच नाही. अंगणात सीताफळाखाली आम्ही तिला पुरलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते.

आईने हात धुतले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "आता बोला. आता कुणी मागे सरायचं नाही."

बाबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या. नुसता श्वास बाहेर आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा श्वासच. आईने त्यांचे दोन्ही गुडघे धरले.

"अहो," ती म्हणाली, "नको तरी म्हणा."