शेवंतीची सोनोग्राफी

आमच्या शेजारच्या दारात शेवंती राहते. मूळची संगमेश्वरकडची. लग्न होऊन आली ती भाईंदरच्या चाळीत. मग नवरा, बबन, एका गोदामात कायम झाला तेव्हा त्यांनी मीरा रोडला पूनम सागरमध्ये हे वन रूम किचन घेतलं. संध्याकाळी सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर ती आमसुलं, कुळथाचं पीठ, तिरफळं आणि सणावारी केळीची पानं घेऊन बसते. विकणं हा तिचा धंदा, पण खरी हौस भाव करण्याची. सोसायटीची लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाशीसुद्धा ती एकदा भाव करत उभी होती. पैसे सोसायटी देणार होती, तिचा एक पैसा जाणार नव्हता. "म्हणून काय झालं," म्हणाली, "तो सांगेल ते ऐकून घ्यायचं?"

श्रावणात तिचं पोट दुखायला लागलं. जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत जायची. ओवा झाला, हिंग झालं, नाक्यावरच्या केमिस्टच्या गोळ्या झाल्या. शेवटी खालच्या डॉक्टरकडे गेली. त्याने पोट दाबून बघितलं आणि सोनोग्राफी करा म्हणून चिठ्ठी लिहून दिली.

आता तिच्या सुनेबद्दल सांगायला हवं. मुलगा जितेश कुरियरवाल्यांकडे आहे. त्याची बायको नेहा. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. नेहा मालाडला फोनवर बोलायची नोकरी करायची, तीही रात्रपाळीची. दिवस मावळला की ऑफिसची गाडी तिला न्यायची आणि सकाळी आणून टाकायची. सासू आमसुलांची पिशवी घेऊन खाली उतरे तेव्हा सून तयारी करत असे. त्यामुळे भांडायला दोघींना रविवारच मिळायचा.

चिठ्ठी बघून नेहा म्हणाली, "आई, काळजी नका करू. माझ्या ऑफिसच्या विम्यात तुमचं नाव आहे."

"माझं? कोणी घातलं?"

"मी. एकच जोडी घालता येते. आईबाबा, नाहीतर सासूसासरे. माझ्या आईबाबांचं दादाच्या ऑफिसात आहे."

 शेवंती मला येऊन सांगून गेली, "बघ काकी, जागा रिकामी होती म्हणून घातलंन्." असं म्हणाली, पण पुढच्या आठवड्यात नाक्यावरच्या भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांना ते माहीत झालं होतं.

सोनोग्राफीला ती एकटीच गेली, आणि सरळ गेली नाही. आधी तीन सेंटरांत जाऊन भाव काढला. एक म्हणाला पंधराशे, दुसरा अठराशे. तिसरीकडे एसी होता, काचेच्या पेटीत मासे सोडलेले होते, तिथे चोवीसशे. शेवंतीने काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पोट एकच, मग तीन भाव कसे?"

मुलगी म्हणाली, "आमचं मशीन नवीन आहे, आंटी. मोठे डॉक्टर बघतात. रिपोर्ट तासाभरात."

"माझं पोट जुनं आहे. त्याला जुनं मशीन चालेल."

सरकारी दवाखान्यात स्वस्तात होते हे तिला ठाऊक होतं, पण तिथे नंबर लागायला वेळ होता. म्हणून ती पंधराशेवाल्याकडे परत गेली. सकाळी शटर वर होताच, उपाशीपोटी, पाणी पिऊन. "भवानीच्या वेळेला आले आहे, असं काय करता?" म्हणत तिने बाराशेवर आणलं. पक्कं बिलही घेतलं. भिंतीवर पाटी होती, इथे मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. पोटावर गार गार जेल लावणाऱ्या बाईला ही म्हणाली, "माझं काय निघालं तरी सांगू नका हां, घरात सून आहे." ती बाई हसली तेव्हा मशीन हललं आणि परत पहिल्यापासून बघावं लागलं.

निघाले खडे. पित्ताच्या पिशवीत, चांगले हरभऱ्याएवढे.

बाराशेत जमवलं म्हणून शेवंती खुशीत होती. नेहाने बिल बघितलं आणि कपाळाला हात लावला. "कशाला एवढी घासाघीस केलीत? ऑपरेशन ठरलं तर हे पैसे विम्यातून परत मिळतात. जेवढं बिल तेवढं."

"म्हणजे पंधराशे दिले असते तर पंधराशे आले असते?"

"हो."

शेवंतीचा चेहरा असा पडला, जणू खिसाच कापला कोणी.

मग नेहाने आम्हा दोघींना स्वयंपाकघराच्या दारात बसवून सगळं समजावलं. मला कळलं ते असं. नुसत्या सोनोग्राफीचे पैसे त्यांचा विमा देत नाही. पेशंट हॉस्पिटलात ॲडमिट झाला पाहिजे. झाला, तर ॲडमिट व्हायच्या आधीच्या तीस दिवसांत त्याच आजारासाठी जी तपासणी केली तिचे पैसे परत मिळतात. डॉक्टरची चिठ्ठी हवी, पक्कं बिल हवं, रिपोर्ट हवा. ऑपरेशनचे पैसे तर आपण भरायचेच नाहीत, हॉस्पिटल आणि विमावाले आपसात बघून घेतात. आधीचं आणि नंतरचं तेवढं आपण भरायचं आणि मागून मागायचं. प्रत्येक ऑफिसचा नियम वेगळा असतो म्हणे. हा तिच्या ऑफिसचा.

"म्हणजे दुखतं एवढ्यावर भागत नाय," शेवंती म्हणाली. "झोपून दाखवावं लागतं."

"तसंच समजा. आणि तीस दिवसांच्या आत झोपावं लागतं."

ऑपरेशनवाल्या डॉक्टरने सांगितलं, पिशवी काढावी लागेल, दुर्बिणीतून होईल, दोन दिवसांत घरी. पण फार लांबवू नका, सूज आली तर धावपळ होईल. नेहा लगेच तारीख मागायला लागली. शेवंती उठून उभी राहिली.

"गणपती झाल्यावर बघू."

यात तिचा गणपतीपेक्षा गौरीचा हट्ट होता. आमच्या कोकणात नव्या सुनेचा पहिला ओवसा असतो. सुपांत फळं, पानं, गोडधोड भरून ती गौरीपुढे ओवसते आणि मग ती सुपं घरातल्या वडीलधाऱ्यांना देते. पण पहिला ओवसा दरवर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रावर आली तरच. यंदा ती तशी येत होती. यंदा चुकलं तर पुढची पूर्वा कधी, ते पंचांगाला ठाऊक.

"आई, मला ओवसा नाही केला तरी चालेल," नेहा म्हणाली.

"तुला चालेल. गौरीला विचारलंस?"

"आणि तिकडे गावात पिशवी फुटली तर?"

"तर बाराशेची सोनोग्राफी वाया जाईल. आणखी काय!"

गेले सगळे एसटीने. तिकडे शेवंतीने आठ दिवस पेज खाल्ली आणि पन्नास मोदक वळून एकही तोंडात घातला नाही. ओवसा झाला. नेहाने सुपं उचलली तेव्हाचा फोटो मला मोबाइलवर दाखवला, त्यात मागे शेवंती खांबाला टेकून उभी आहे आणि तिचा एक हात बरगडीखाली आहे. विसर्जनाच्या दिवशी कळ आली ती तिने आळीत कोणाला कळू दिली नाही. बबनला कळली. तो बोलणारा माणूस नव्हे. त्याने फक्त परतीच्या गाडीत तिच्या मांडीवरची तांदळाची पिशवी काढून स्वतःच्या मांडीवर घेतली.

परत आले आणि लगेच पितृपंधरवडा लागला. नेहा परत तारखेचं बोलायला लागली, तर शेवंतीने कानांवर हात ठेवले. पंधरवड्यात लोक नवं भांडं घेत नाहीत आणि हिने पोट कापून घ्यायचं! पंधरवडा झाला की नवरात्र, घट बसलेले असताना घर सोडायचं नाही. म्हणजे आता दसऱ्यानंतर.

नेहा गप्प बसली. मला तेच नवल वाटलं. ती गप्प बसणाऱ्यांतली नाही.

कारण कळलं ते तळमजल्याच्या हंसाबेनकडून. तिचा भाचा काशीमीऱ्याला एका ऑफिसात आहे. शेवंती लिफ्टची वाट बघत होती, मी होते, आणि हंसाबेन म्हणाली, "शेवंतीबेन, बहू को इधरही नोकरी मिल गई, बताया नहीं आपने! दिन की ड्यूटी, रिक्षा से दस मिनिट. घटस्थापना से चालू ना?"

शेवंतीने लिफ्ट सोडली आणि जिन्याने वर गेली. मी मागोमाग, माझ्या गुडघ्यांच्या चालीने. पोचले तेव्हा नेहा झोपेतून उठून बसली होती.

"काशीमीऱ्याचं काय आहे?"

"काही नाही. त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

"का? दिवसाची नोकरी टोचते?"

"आई, मालाडची नोकरी सोडली की त्या दिवसापासून तिथला विमा बंद. काशीमीऱ्याच्या विम्यात फक्त मी आणि जितेश. सासूसासरे नाहीत. तुमचं दसऱ्यानंतर करायचं तर मला मालाडलाच राहायला पाहिजे."

"आणि हे मला सांगायला तोंड शिवलं होतंन् कोणी?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, विम्यासाठी मी पितरांना डावलू का."

शेवंती हे म्हणालीच असती. तोंड उघडलंही होतं. पण सून आधीच म्हणून बसल्यामुळे तिला दुसरं काहीतरी शोधावं लागलं. बबन खिडकीशी बसून आमसुलं निवडत होता. तो मान वर न करता म्हणाला, "आई असती माझी, तर तिने तुला हाताला धरून नेलं असतंन्."

"तुमच्या आईचं नका सांगू मला. तिची तिथी नवमीला आहे."

"मग?"

"मग नवमीचं पान वाढल्याशिवाय मी हलत नाय. त्याच्या दुसऱ्या दिवशी न्या कुठे न्यायचं ते."

नेहाने बोटांवर मोजलं. "आई, दोन दिवस आधी गेलात तर सोनोग्राफी तिसात बसते. नवमीनंतर गेलात तर बाहेर. ते बाराशे मिळणार नाहीत."

मला वाटलं, आता ही पाघळणार. बाराशे, आणि तेही स्वतः भाव करून आणलेले. पण शेवंती म्हणाली, "एक पंधरवडा मोडला तुझ्यासाठी. आता बाराशासाठी सासू पण मोडू? जा, फोन कर काशीमीऱ्याला. आणि नीट बोल, इथल्यासारखं नको."

नवमीला तिने अळूवडी, खीर, वडे, सगळं केलं आणि पान गच्चीवर नेलं. मीरा रोडला कावळा यायला वेळ लागतो, कबुतरं आधी येतात. बबन फडकं घेऊन कबुतरं हाकत उभा राहिला आणि शेवंती कठड्याशी. शेवटी एक कावळा आला. खीर सोडून वडा घेऊन गेला. "तिची सवय," शेवंती म्हणाली आणि खाली येऊन पिशवी भरायला लागली. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात.

हॉस्पिटल अर्धं रिकामं होतं. पंधरवड्यात लोक ऑपरेशनं पुढे ढकलतात, सिस्टरने सांगितलं. खिडकीजवळची खाट मिळाली. डॉक्टर म्हणाले, मधे बरेच दिवस गेले आहेत, सोनोग्राफी परत करावी लागेल. ती हॉस्पिटलातच झाली, दोन हजारांची. शेवंतीला भाव विचारायची सोय नव्हती, हाताला सलाईन होतं. तरी तिने विचारलं म्हणतात.

पिशवी निघाली. थोडी सुजली होती, पण दुर्बिणीतूनच झालं. मी भेटायला गेले तेव्हा शेवंती डोळे मिटून पडली होती आणि नेहा बाजूच्या बाकावर मोबाइलमध्ये काही टाइप करत होती.

"राजीनामा पाठवलास का?" शेवंतीने डोळे न उघडता विचारलं.

"लिहितेय."

"लिहितेय काय? सकाळपासून लिहितेयस. पोथी आहे का?"

"पाठवला, आई."

"मग आता जरा गप बसा दोघी. माझं ऑपरेशन झालंय."

नोटिसीचे दिवस साठलेल्या रजेत वळते करून घटस्थापनेच्या दिवशी नेहा काशीमीऱ्याला हजर झाली. सोडून जाण्याआधी तिने जुन्या ऑफिसच्या विम्याकडे सगळे कागद लावले होते. ऑपरेशनचं हॉस्पिटलाने परस्पर घेतलं, दुसरी सोनोग्राफी त्याच बिलात बसून गेली. नंतरच्या औषधांचे पैसे दिवाळीच्या आधी आले. पहिल्या सोनोग्राफीपुढे लिहून आलं, मुदतीबाहेर, देता येत नाही. म्हणजे भाव न करता केलेली फुकट झाली आणि भाव करून केलेली अंगावर पडली. शेवंतीला यात काहीतरी मोठा अन्याय दिसतो, पण कोणाविरुद्ध ते तिला ठरवता येत नाही.

नेहा म्हणाली, "मी अर्ज करून बघते, दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे."

"काय लिहिशील? सासूच्या सासूचं श्राद्ध होतं?"

"तसंच लिहीन."

"नको. माझ्या सासूचं नाव त्या कागदावर नको जायला. तिने जिवंतपणी कोणापुढे हात पसरला नाय."

अर्ज झाला नाही.

नेहा आता सातला घरी असते. भिंत पातळ आहे. पूर्वी त्या दोघींची भांडणं मला रविवारी तेवढी ऐकू यायची, आता रोज येतात.