राजीखुशीची सही

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने पुढचं सांगितलंच नाही. बांधणं सोपं आहे, ते फेडताना पाहावं. बारामतीत एमआयडीसीच्या अंगाला आमचं घर आहे. खाली हॉल, स्वयंपाकघर, दोन खोल्या आणि वर गच्चीवर पत्र्याची एक खोली, अडगळीसाठी म्हणून बांधलेली. दारावर नवऱ्याच्या आणि माझ्या नावाची पितळी पाटी आहे. खरं तर तिथं बँकेचं नाव हवं होतं आणि आमचं खाली बारीक अक्षरात.

बँकेचा मेसेज आला तेव्हा मी डब्याच्या चपात्या लाटत होते. पुढच्या महिन्यापासून आपला हप्ता वाढत आहे, असं लिहिलं होतं आणि शेवटी धन्यवाद. धन्यवाद कशाबद्दल ते काही लिहिलं नव्हतं. मी पिठाच्या हाताने दोनदा वाचलं आणि तवा धुरायला लागला तेव्हा फोन बाजूला ठेवला.

नवरा कंपनीत सुपरवायझर. कर्ज घेतलं तेव्हा त्याचा ओव्हरटाइम जोरात होता आणि आम्ही तो पगारातच धरला. पाऊस पडलाय म्हणून विहीर कायम भरलेली राहील असं धरण्यातला तो प्रकार. पुढे ओव्हरटाइम बंद झाला, हप्ता चालू राहिला. मग मी कंपनीतल्या पोरांचे डबे सुरू केले. बोअर घेतलं तेव्हा माझ्या पाटल्या पतसंस्थेत गेल्या, त्या अजून तिथंच आहेत. सोफा हप्त्यावर, गाडी हप्त्यावर. एकीकडचं उचलायचं, दुसरीकडे भरायचं, ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर. आणि वास्तुशांतीचं जेवण तर विचारूच नका. चार लोकांत हसं नको म्हणून सगळी भावकी, सगळी गल्ली आणि नवऱ्याची अख्खी शिफ्ट जेवायला घातली, तीही उसनवारीवर. कर्ज काढून घर बांधलं आणि कर्ज काढून ते लोकांना दाखवलं.

बँकेत गेलो. काचेमागे एक मुलगी होती, माझ्या भाचीच्या वयाची, बोलायला गोड. मी तिला म्हटलं, "इतकी वर्षं हप्ता तेवढाच होता, आत्ताच काय झालं?"

"काकू, हप्ता तेवढाच होता, पण व्याज वाढत होतं. दर वेळी तुमची वर्षं वाढवत होतो आम्ही."

"कुणाला विचारून?"

ती कसनुशी हसली. कर्जाच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं म्हणाली. आता वर्षं आणखी वाढवता येत नव्हती, कारण नवऱ्याची निवृत्ती आडवी आली होती. म्हणजे आम्ही हप्ता वाढला नाही म्हणून खुशीत होतो आणि आमचं म्हातारपण परस्पर गहाण पडलं होतं. मी विचारलं, काहीच उपाय नाही का? "आहे ना," ती म्हणाली, "एकदम थोडी मोठी रक्कम भरा, हप्ता आहे तेवढाच राहील." आणि नाही भरली, नवा हप्ता थकत गेला, तर? तेव्हा ती हसली नाही. घरावर जप्ती येते एवढंच सांगितलं.

गाडीवरून येताना नवरा हेल्मेटमधून म्हणाला, "मोठी रक्कम असती तर कर्ज कशाला काढलं असतं?" त्याचं ते वाक्य बँकेत म्हणायचं होतं. पण आमच्या घरात खरी उत्तरं नेहमी रस्त्यावर सुचतात.

त्याच आठवड्यात भावाचा फोन आला. माझं माहेर इंदापूरचं, गावाबाहेर हायवेला लागून जमीन, थोडा ऊस, थोडं डाळिंब. वडील आदल्या वर्षी गेले. वारस म्हणून सातबाऱ्यावर आई, भाऊ, थोरली बहीण आणि मी, अशी नावं लागली होती. भाऊ सगळ्यांत धाकटा. त्याला मी कडेवर घेऊन फिरवलाय.

"ताई, गुरुवारी ये. सही करायची हाय. आक्का बी येतीय."

कसली सही ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्याकडे ते विचारायचं नसतं. बाप गेला की बहिणींनी जाऊन हक्कसोडपत्रावर सही करायची, आपलं नाव जमिनीवरून काढून घ्यायचं. भाऊ साडीचोळी करतो, पोटभर जेवायला घालतो आणि गावात म्हणतात, बहिणी सोन्यासारख्या आहेत. जी करत नाही तिने वाटा मागितला म्हणतात. वाटा मागितला हे आमच्याकडे चोरी केली याच्या सुरात म्हणतात. पोरीला पोराइतकाच वाटा आहे हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. म्हणूनच तर सही लागते.

थोरल्या बहिणीला फोन केला. ती कऱ्हाटीला दिलेली. तिच्याकडून कळलं की हायवेकडची पट्टी विकायची बोलणी झाली होती, कुणीतरी तिथं मोठं हॉटेल टाकणार होतं. भाव ऐकून मी पलंगावर बसलेच. बहीण म्हणाली, "आपल्याला काय करायचंय गं? दिवाळीला जायला दार उघडं ऱ्हावं, एवढंच." मी म्हटलं, "आक्का, माझं स्वतःचंच दार बंद व्हायची पाळी आलीय." ती म्हणाली, दूध उतू चाललंय, ठेवते.

नवऱ्याने तर हिशेबच मांडला. "माग की. हक्काचं हाय. सगळं मागू नको, बँकेत भरण्यापुरतं माग." त्याला मागायचं नव्हतं, म्हणून त्याला सोपं वाटत होतं. पण बोलला ते खोटं नव्हतं. गुरुवारी मी एसटीत बसले आणि इंदापूर येईपर्यंत एकच वाक्य मनात घोळवत राहिले. वाटा नको बाबा, घर वाचेल एवढं दे. सणसरला म्हणून पाहिलं, बरं वाटलं. पुढच्या स्टॉपला कुणीतरी शेजारी बसलं तेव्हा पुन्हा म्हणायला लाज वाटली.

माहेरी भावजयीने पुरणपोळ्या केल्या होत्या. एरवी मी गेले की चहा टाकून टीव्ही लावणारी बाई, त्या दिवशी पोळीवर तूप सोडून सोडून दमली. तुपाची धार बघूनच समजायला हवं होतं. आई कोपऱ्यात बसली होती, नवं पातळ नेसून. तीही वारस, तिलाही अंगठा द्यायचा होता.

जेवणं झाली आणि मी बोलले. पाठ केलेलं वाक्य निम्मंच बाहेर आलं, पण कळण्यापुरतं आलं. घराचा हप्ता वाढतोय, एकदम काही भरलं नाही तर घर राहत नाही.

भाऊ सुपारी कातरत होता. मान वर न करता म्हणाला, "एवढं मोठं घर बांधायला कुणी सांगितलं व्हतं तुला?"

"कुणी न्हाय. पण पट्टी विकतोयस ना तू?"

"कुणी सांगितलं?" त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण पदराशी खेळायला लागली. "ताई, तुला पायजे तर घे वाटा. घे की. मोजणी आणू, बांध घालू. मग आईचं काय ते बी वाटून घिऊ. माझ्या एकट्याच्याच गळ्यात का?"

आई तिथंच बसली होती. ती ऐकतेय हे त्याला माहीत होतं, म्हणूनच तो बोलला. भावजय ताटं उचलून आत गेली आणि भांडी जरा जास्तच वाजायला लागली.

मी हात धुवायला मागच्या दारी गेले तर आई मागोमाग आली. माझं मनगट धरलं तिने. "पोरी, तू तुझ्या घरी जाशील. मला हितंच दोन टायमाला ताट घ्यायचंय त्यांच्या हातनं. माझं म्हातारपण उन्हात नको बांधूस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तिच्या कळवळ्याने की रागाने, अजूनही सांगता येत नाही. मी म्हटलं, "करते सही. तू गप ऱ्हा."

रजिस्टर ऑफिसात गर्दी होती. सगळ्या बाकांवर नवी साडी नेसलेल्या बायका आणि त्यांच्या शेजारी गाडीची किल्ली बोटावर फिरवणारे भाऊ. वकिलाने कागद भराभर वाचला. नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, कोणताही मोबदला न घेता, राजीखुशीने. सगळं त्याला पाठ होतं. आईचा अंगठा पहिला झाला. मग बहिणीची सही, मग माझी. आत साहेबांनी विचारलं, "कुणाची जबरदस्ती नाही ना, बाई?" समोर कॅमेरा, मागे भाऊ. मी म्हटलं, नाही. फोटोत मी हसतेय. कॅमेरा बघितला की आपण हसतोच.

स्टँडवर सोडताना भावाने पिशवी हातात दिली. मोरपंखी साडी होती, काठ बरे होते. "दाजींना नमस्कार सांग," म्हणाला. घरी आल्यावर नवऱ्याने पिशवीत डोकावलं आणि एवढंच विचारलं, "बँक साडी घेती का?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बोलले असते तर त्याचंच बरोबर म्हणावं लागलं असतं. ती साडी मी पुढच्या लग्नसराईत नणंदेच्या मुलीला आहेर करून टाकली. तेवढाच एक खर्च वाचला.

हप्ता ठरल्याप्रमाणे वाढला. मग एकच गोष्ट हातात होती, ती केली. खालचं घर भाड्याने दिलं. कंपनीतलाच एक इंजिनिअर, बायको, मूल. आम्ही वर पत्र्याच्या खोलीत आलो. डब्याची शेगडी गच्चीवर, धुणंही तिथंच. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की कणीक मळेपर्यंत आंबट वास यायचा. देव मात्र खालीच राहिले. वास्तूवाल्याच्या सांगण्यावरून ईशान्येला भिंतीत बसवलेला संगमरवरी देव्हारा, तो काही उचलता येईना. रोज सकाळी फुलं घेऊन मी माझ्याच दाराची बेल वाजवायची आणि भाडेकरूची बायको दार उघडायची. कधी दात घासत असायची, कधी म्हणायची, काकू, दहा मिनिटांनी येता का? मी जिन्यात उभी राहायचे. पण हप्ता जात होता. घर आमचं होतं, आम्ही त्यात नव्हतो इतकंच.

दिवाळी झाली आणि भावाची गाडी आमच्या दारात आली. भाऊबीजेला त्याला वेळ मिळाला नव्हता, म्हणून मला वाटलं आता आला. गाडीतून आई उतरली. मागोमाग तिची गाठ मारलेली पिशवी आणि औषधांचा डबा.

"हायवेच्या कामात जुनं घर पाडायला लागलं," भाऊ जिन्यात उभा राहूनच म्हणाला. "नव्याला येळ हाय. तंवर आमी भाड्यानं ऱ्हातोय, तितं जागा न्हाय. तुझं घर मोठं हाय, म्हनून म्हनलं..." मग त्याची नजर वर गेली, गच्चीवरच्या शेगडीवर, पलंगाखाली रचलेल्या डब्यांवर. त्याने वाक्य पुरं केलं नाही. चहाही घेतला नाही, गाडीचं इंजिन चालूच होतं.

भावाच्या नव्या घराची वास्तुशांतही झाली. आम्हाला बोलावणं होतं. आईला न्यायला मात्र कुणी आलं नाही.

एकदा दुपारी मी भाकऱ्या थापत होते. आई भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "मी अडाणी, अंगठा दिला. तू तर शिकल्याली. तू कशी सही केलीस गं?"

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. मी संतापून म्हटलं, "तुझ्यासाठी केली. मनगट कुणी धरलं व्हतं माझं?"

ती म्हणाली, "मी बी तुमच्यासाठीच दिला की. भावाभैनीचं तुटू नये म्हनून." आणि पदराने डोळे पुसायला लागली. मी भाकरी तव्यावर टाकली.

तेवढ्यात खालचा इंजिनिअर जिना चढून आला. वाईट माणूस नाही तो. दारात चप्पल काढून अदबीने उभा राहिला. "काकू, टाकीचं पाणी लवकर संपतंय हल्ली. आजी किती दिवस आहेत?"

मी काही बोलायच्या आत आई अंग चोरून बसली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला म्हणाली, "चार दिस हाय बाबा. जाईन लगीच."

माझ्या घरात, माझ्या आईने, माझ्या भाडेकरूकडे राहायची परवानगी मागितली. मी तवा उतरवला आणि त्याला म्हटलं, "आई इथंच राहणार. पाणी पुरत नसेल तर दुसरं घर बघा." तो निमूट खाली गेला. भाडं गेलं तर हप्ता कसा भरायचा, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. मला फक्त राग आला होता. तोच राग त्या गुरुवारी इंदापुरात, कॅमेऱ्यासमोर यायला हवा होता.