स्टंपांमधलं कुंकू

अंगावर वर्दी नव्हती, हद्द माझी नव्हती, भाषाही माझी नव्हती. तरी इतक्या वर्षांच्या तपासांत जो सगळ्यात लख्ख आठवतो, तो हाच. जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, दहाएक वर्षांपूर्वीचा.

पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नी मुलीकडे राहायला गेलो होतो. जावई तिथे इंजिनिअर. मुलीने स्वतःचं छोटं दुकान काढलं होतं, जुन्या इंग्लिश फर्निचरचं. शंभरएक वर्षांपूर्वी यंत्राच्या मालाला विटलेल्या काही कारागिरांनी सगळं हातानेच घडवायचा हट्ट धरला होता. त्या आर्ट्स अँड क्राफ्ट्स धाटणीच्या ओकच्या खुर्च्या, कपाटं ती विकायची. तिच्याकडची सगळ्यात देखणी वस्तू म्हणजे बुकएंडची एक जोडी, पुस्तकं कलंडू नयेत म्हणून दोन्ही टोकांना ठेवायची. एकावर कोरलेला गोलंदाज, दुसऱ्यावर स्टंपांपुढे उभा फलंदाज. मध्ये पुस्तकं लावली की झाली खेळपट्टी!

तेवढ्यात दसरा आला. आमच्या ठाण्यात दसऱ्याला रायफली पुसून ओळीने मांडायच्या, झेंडू वाहायचा, कुंकू लावायचं, असा रिवाज. मुलीच्या दुकानात शस्त्रं कुठली? मी तिच्या पटाशीला, रंध्याला आणि त्या फलंदाजाच्या बॅटला हळदकुंकू वाहिलं. ओल्या कुंकवाचं बोट स्टंपांनाही टेकवलं.

"अहो बाबा! अँटिक आहे ते, डाग पडतात!" मुलगी ओरडलीच. कापूस घेऊन तिने सगळं पुसून काढलं आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

पुढे तिथल्या एका बड्या व्यापाऱ्याने ती जोडी आपल्याकडे विक्रीला ठेवतो म्हणून नेली. काही आठवड्यांनी परत आणून टाकली आणि चारचौघांत म्हणाला, ही नक्कल आहे, ही बाई लोकांना फसवते. परत आलेली जोडी नक्कल होती हे खरं, पण ती आमची नव्हती. मुलीने हे त्याला तोंडावर सांगितलं. फोटोत मात्र दोन्ही जोड्या सारख्याच दिसत होत्या. त्याने दम दिला, सगळ्यांसमोर माफी माग, नाहीतर या धंद्यात तुला कोणी उभं करणार नाही. गिऱ्हाईकं खरंच यायची थांबली. इतक्या कष्टाने उभं केलेलं दुकान बंद पडायची वेळ आली.

जावई हळूच म्हणाले, "बाबा, माफी मागून मोकळं होऊ या. आल्झो, म्हणजे, इथे लोक वाद वाढवत नाहीत. शेवटी आपण बाहेरचे."

माझं डोकं सणकलं. "चोरी त्याने करायची आणि माफी माझ्या लेकीने मागायची? बाहेरचे असू आपण, गुन्हेगार नाही!"

खबर दिली ती मुलीच्या एका मराठी मित्राने. तो जवळच्या वोल्फ्सबुर्ग शहरात नोकरीला होता. हॅनोव्हरच्या अँटिक बाजारात सहज फिरायला आला आणि तिथूनच त्याने फोन केला. "ताई, तुझे बॉलर-बॅट्समन इथे त्या माणसाच्या स्टॉलवर आहेत. गेनाऊ, अगदी तेच!"

ती नकली जोडी घेऊन आम्ही सगळे तडक बाजारात गेलो. मुलगी स्टॉलवर धडकणारच होती, तिला मी बाजाराच्या दाराबाहेर थांबवलं. संशयिताला पुरावा आधी दाखवायचा नसतो, आधी त्याला बोलू द्यायचं. खोटारड्याला कौतुकाने ऐकणारा भेटला की तो गरजेपेक्षा जास्त बोलतो. व्यापाऱ्याने मला कधी पाहिलं नव्हतं. मी झालो हौशी गिऱ्हाईक, मित्र झाला दुभाष्या.

फलंदाज हातात घेऊन उजेडाकडे वळवला. दोन स्टंपांमधल्या बारीक फटीत, कापूस पोचणार नाही अशा जागी, लाल रेघ होती. चेहरा मी ठाण्यातलाच ठेवला.

"सुरेख आहे. कुणाकडून घेतलंत?"

"घेतलं नाही. आजोबांचं आहे."

"दुरुस्ती, पॉलिश काही?"

"काही नाही. घराबाहेरच्या कुणी बोटसुद्धा लावलेलं नाही."

मला एवढंच हवं होतं. मग मुलीला आत बोलावलं. तिने पोलिसांना फोन केला. एक तरुण महिला अधिकारी आली. तिच्यासमोरही त्याने तेच सगळं तोऱ्यात सांगितलं. मग मी ती फट दाखवली. पत्नीने पर्समधून कुंकवाची डबी काढून शेजारी धरली. रंग तोच.

आता त्याला पॉलिश आठवलं! म्हणे, तो लाल रंग पॉलिशचाच. पण पॉलिश केलेलं नाही, हे तो दोनदा बोलून बसला होता.

"यांचे आजोबा दसरा करायचे का, विचार," मी मित्राला म्हणालो. त्याने विचारलंही. ती अधिकारी हसली नाही, पण तिने दोन्ही जोड्या जागेवर सील केल्या. पुढच्या चौकशीत त्याने अदलाबदल कबूल केली. सगळ्यांसमोर माफी मागावी लागली ती त्यालाच, त्याच बाजारात.

त्या केसने मला एक गोष्ट पक्की शिकवली. परक्या मुलखात आपला माणूस वाद नको म्हणून आधीच मान खाली घालतो, आणि समोरचा चोर नेमका त्यावरच विसंबून असतो. नम्र जरूर राहावं. पण न केलेल्या गुन्ह्याची माफी मागितली की ती कबुलीच धरली जाते. मी असा जबाब कुणाला देऊ दिला नसता, आणि आजही देऊ देणार नाही.

पुढच्या दसऱ्याला मुलीने स्वतः कुंकवाची वाटी माझ्यापुढे धरली.

"आणि पुसायला कापूस?" मी विचारलं.

"पुसून तर दाखवा कुणी," ती म्हणाली.