पाच गुण आणि एक जून

लीड्सहून निघताना माझ्या बॅगेत एक निळी फाइल होती, तीन डझन चॉकलेटे होती आणि डोक्यात एक पक्का बेत होता. चॉकलेटे एसटीच्या इंजिनाने वितळवली. फाइल हरवता हरवता वाचली. बेताचे काय झाले, तेच सांगायला बसलो आहे.

इंग्लंडमध्ये आम्ही गेलो ते तिथल्या सरकारने बोलावले म्हणून. निदान आम्ही तरी तसे समजत होतो. कुशल माणसे हवीत, या, चार वर्षे काम करा, मग हवे तर कायमचे राहा. मी सांडपाण्याच्या वाहिन्यांचा इंजिनिअर. घाण पाणी कुठून कुठे न्यायचे एवढे एकच कौशल्य अंगात, पण ते तिकडे चालले. तीन वर्षे सुखात गेली आणि मग चाराची पाच वर्षे झाली. हेही आम्ही गोड मानून घेतले. त्यानंतर २००६च्या नोव्हेंबरात व्हिसाच्या मुदतवाढीचे नियमच बदलले. एकदा पास होऊन आलेल्यांनी नव्या गुणपत्रिकेवर पुन्हा पास व्हायचे. वयाला गुण, पगाराला गुण, पदवीला गुण. आमच्या ओळखीतल्या घराघरांत त्या महिन्यात माणसे कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली दिसत. आमच्या घरी सुनीताने, म्हणजे माझ्या बायकोने, सोफा घ्यायचे रहित केले. "राहणार की जाणार ते आधी ठरू दे," म्हणाली. सात वर्षांची आमची पोर तेव्हापासून रोज विचारायची, "आज ठरलं का?"

मला पाच गुण कमी पडत होते. बत्तीस पूर्ण झालेल्याला वयाचे गुण शून्य, आणि पासपोर्टावर माझी जन्मतारीख १ जून १९७४. म्हणजे बत्तीस पुरी होऊन सहा महिने झालेले.

पण एक जून! आमच्या जुन्नर तालुक्यात अर्धा गाव एक जूनला जन्मलेला असतो. शाळेत पोर घालायला आणले, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नाही, की गुरुजी बोटे मोजत एक साल ठरवायचे आणि पुढे एक जून ठोकून द्यायचे. लीड्सच्या आमच्या कचेरीत मराठी इंजिनिअर तिघे, आणि तिघांचाही वाढदिवस एक जूनलाच. केक आणणाऱ्या बाईने एकदा मला बाजूला घेऊन विचारले, हा तुमच्या धर्मातला पवित्र दिवस आहे का? मी हो म्हणालो. समजावून सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

आई लहानपणापासून सांगायची, "तू आण्याच्या यात्रेला झालास." आण्याची यात्रा पौषात, म्हणजे जानेवारीच्या आसपास. तर जूनची तारीख खोटी हे नक्की. आता मला असे वाटू लागले, नव्हे, गरजेपोटी खात्रीच झाली, की गुरुजींनी मला शाळेत लवकर घेण्यासाठी वय वाढवून लिहिले असणार. खरा जन्म जानेवारी १९७६चा धरला तर मी एकतीसचा, आणि पाच गुण खिशात! जन्माची नोंद कुठे असण्याचा प्रश्न नव्हता. त्या काळी खेड्यातल्या पोराची नोंद करायला कोण जायचे? पण गुरुजी अजून हयात होते, आण्यालाच राहत होते. शंभराचा स्टँपपेपर घेऊन जायचे, त्यांच्याकडून खरी तारीख लिहून घ्यायची आणि परत यायचे. यात्राही नेमकी पुढच्याच आठवड्यात होती. देवच मदत करतोय म्हटले, रजा टाकली आणि विमानात बसलो.

पुण्यात शिवाजीनगरहून बेल्ह्याची एसटी पकडली. बॅग ड्रायव्हरजवळ इंजिनाच्या झाकणावर ठेवली. खेड मागे पडले, घाट चढून गाडी मंचरात थांबली. मंचर म्हणजे आंबेगाव तालुका, आमचे शेजारी. चहा घ्यायला उतरलो. टपरीवर आठदहा माणसे एकदम हात पुढे करून चहा मागत होती. इंग्लंडची सवय म्हणून मी त्यांच्या मागे रांग लावून उभा राहिलो. रांगेत मी एकटाच. माझ्या पुढून माणसे चहा घेऊन जात राहिली, मी "सॉरी" म्हणून वाट देत राहिलो. शेवटी हातात कप आला तेव्हा एसटी स्टँडाबाहेर वळताना दिसली. माझ्या फाइलसकट, पासपोर्टासकट.

कप टाकून धावलो. वीस पावलांत दम लागला. मागून एक वडाप (माणसे कोंबून नेणारी खासगी जीप) येऊन थांबली.

"काय पावणं, गाडी गेली जनू?"

"बॅग आहे हो त्यात माझी! सगळे कागद आहेत!"

"बसा की मग. नारायणगावला गाठू." मी पुढे तिसरा म्हणून बसलो. गिअरचा दांडा माझ्या दोन गुडघ्यांच्या मध्ये. प्रत्येक गिअरला ड्रायव्हर "पाय" म्हणायचा आणि मी पाय उचलायचो. "कुठनं आला?"

"इंग्लंडहून."

"मायला! अन् हितं च्यासाठी गाडी सोडली?"

कळंबपर्यंत त्याला माझ्या सगळ्या अडचणी कळल्या होत्या. पाच गुणांचे ऐकून तो मनापासून हळहळला. "माजाबी धाकटा इंग्रजीत पाचनंच गेला," म्हणाला.

नारायणगावला एसटी निघून गेली होती. पण कंट्रोलरच्या खिडकीत माझी बॅग, कुलूपबंद, आणि वर कंडक्टरने ठेवलेला निरोप. कंट्रोलरने तो तोंडपाठ म्हणून दाखवला: "सायेबाला सांगा, बॅगेला कोनी हात लावला नाय. सीटवरची केळी मातर मी खाल्ली, ती तशीबी काळी पडली व्हती." बॅग उघडली. चॉकलेटांचा एकच मोठा लगदा झाला होता. फाइल कोरडी होती. जीपवाल्याला पैसे देऊ लागलो तर त्याने मंचरपासूनचे नेहमीचे भाडे तेवढे घेतले आणि म्हणाला, "पास व्हा, राव."

संध्याकाळी निमगाव सावाला घरी पोचलो. आईने भाकरी थापता थापता सगळे ऐकले. मी विचारले, "आई, यात्रेला झालो ते खरं. पण साल कोणतं?"

तिची भाकरी हातातच थांबली. "साल मी नाय सांगायची."

"का?"

"गुरुजींनी शपत घातलीया. तुजी नोकरी जाईल म्हनले. त्यांनाच इचार जा."

तीस वर्षे ही बाई माझे वय पोटात ठेवून बसली होती! मला मात्र तिची शपथ ऐकून गुदगुल्याच झाल्या. गुरुजींनी वय नक्की वाढवलेय, म्हणूनच लपवाछपवी, असा माझा हिशोब.

दुसऱ्या दिवशी आईने ओझरला नेले. विघ्नहराचा गाभारा, बाहेर कुकडीचे संथ पाणी, सगळे तसेच होते. आईने नारळ ठेवला आणि देवाला मोठ्यानेच सांगितले, "पोराला पाच मार्क कमी पडल्यात, बघ काय व्हतंय का." पुजाऱ्याने सहानुभूतीने विचारले, "कितवीला आहे?" आईने माझ्याकडे बोट केले. पुजाऱ्याने माझ्या टकलाकडे पाहिले आणि प्रसादाचा एक पेढा जास्तीचा दिला.

तिसऱ्या दिवशी यात्रा. बेल्ह्याच्या पुढे रस्ता चढत जातो आणि आण्याच्या पठारावर आले की एकदम आभाळ मोठे होते. झाडे कमी, वारा जास्त. त्या वाऱ्यावर मैलभर आधीच आमटीचा वास आला. यात्रेचा प्रसाद म्हणजे आमटी-भाकरी. माणूस आत बसेल एवढ्या कढया, खाली चुलाण, आणि गावोगावच्या घरांतून ट्रॅक्टर भरून आलेल्या भाकरी. ज्याने पीठ मळले त्याचे नाव कुणी विचारत नाही, जो जेवतो त्याचेही नाही.

गुरुजी सापडायला वेळ लागला नाही. ऐंशीच्या आसपासचा माणूस, डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, पंगती लावत होता.

"ए! कोट! ओळीत बस!"

कोट म्हणजे मी. "गुरुजी, मी बबन. निमगावचा."

"बबन असशील नायतर आणखी कोन, ओळीत बस आधी."

बसलो. घट्ट पँटीत मांडी घालताना काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. शेजारच्या आजोबांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले. आमटी आली. पहिल्या घासाला कान तापले, दुसऱ्याला डोळे वाहू लागले. तिसऱ्याला आजोबा ओरडले, "आरं पानी आना, पावणं रडाया लागलं!" पाणी प्यालो, भाकरी कुस्करली आणि आणखी दोनदा आमटी घेतली. तेरा तासांच्या विमानप्रवासात एवढे काही मला कुणी वाढले नव्हते.

पंगती उठल्यावर गुरुजींच्या ओसरीवर गेलो. स्टँपपेपर पुढे ठेवला आणि सगळी कथा सांगितली. नवे नियम, पाच गुण, सुनीताचा सोफा, पोरीचा रोजचा प्रश्न. तोंडी परीक्षा घ्यावी तसे त्यांनी ऐकून घेतले.

"म्हंजे वय कमी, तर गुन जास्त?"

"हो, गुरुजी."

"अन् मी तुजं वय वाढवून लिवलं, असं तुला वाटतंय?"

"शाळेत लवकर घ्यायला..."

गुरुजींनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि इतके हसले की आतून त्यांची सून बाहेर डोकावली. मग म्हणाले, "दे पेन. लिवून देतो खरी तारीख. पर मग तुजं वय चौतीस व्हनार. चाललं का?"

मी पेन परत खिशात ठेवले.

"तू बहात्तरच्या दुष्काळातला, बबन्या. त्या पौषात तुजी आई बंधाऱ्याच्या कामावर दगड उचलत व्हती. यात्रेच्या दिवशी तिथंच झालास. हितनं कुनीतरी आमटीचा डबा नेला व्हता, त्यातलं पानी पानी घेतलं तिनं. त्या सालची तुमी पोरं अंगानं अशी," त्यांनी करंगळी दाखवली, "शाळेत आलात तवा बाकीच्यांपेक्षा दीड-दोन वर्सं मागं. अन् पुढं सगळीकडं वयाची अट. स्कॉलरशिपला अट, नोकरीला अट. म्हनून तुमा सात जनांना मी दीड दीड वर्स परत दिलं. दुष्काळानं खाल्लेलं."

इंजिनिअरिंगला ज्या शिष्यवृत्तीवर शिकलो तिला वयाची अट होती. त्या अटीत मी जेमतेम तीन महिन्यांच्या फरकाने बसलो होतो, हे मला चांगले आठवत होते. खऱ्या तारखेने मी तेव्हाच बाहेर पडलो असतो. मग कसले लीड्स आणि कसला सोफा. ज्या पाच गुणांसाठी मी इतक्या लांब आलो होतो, त्यांच्या कितीतरी पट गुण हा माणूस न मागता आधीच देऊन बसला होता. आणि मी त्याच्याकडे आणखी मागायला आलो होतो, तेही स्टँपपेपरवर.

वाकून पाया पडलो. पँट आणखी थोडी फाटली.

"ते ऱ्हाऊ दे," गुरुजी म्हणाले. "मला एक सांग. तिथला तुजा सायेब काय म्हनतो?"

"कशाबद्दल?"

"ह्याबद्दल. त्याला इचारलंस का, बाबा, मला ठिवून घेशील का?"

"नाही."

"का?"

साहेबापुढे आपण नापास होतोय हे कसे सांगायचे, याची लाज वाटत होती. म्हणजे समोरच्या टेबलावरच्या माणसाला एक प्रश्न विचारायचा सोडून मी समुद्र ओलांडून ऐंशीच्या म्हाताऱ्याला खोटे लिहून मागायला आलो होतो. गुरुजींनी पूर्वी अशा वेळी कान धरला असता. आता नुसतेच पाहिले. ते जास्त लागले.

निघताना त्यांच्या सुनेने आमटीचा डबा बांधून दिला. मंचरात एसटी थांबली तेव्हा मी जागेवरून हललो नाही. डबा मांडीवर, फाइल डब्याखाली. पुण्यात उतरल्यावर पाहिले तर कोऱ्या स्टँपपेपरवर आमटीचा तांबडा गोल उमटला होता.

लीड्सला परतल्यावर दुसऱ्या दिवशी साहेबाच्या दारावर टकटक केली. त्याने सगळे ऐकले आणि डोके हलवत म्हणाला, हे तू नोव्हेंबरातच का नाही सांगितलेस? कंपनीने माझ्यासाठी स्वतःच्या नावाने कामाचा परवाना मागितला. एप्रिलात तो मिळाला. कायमचे राहायला मिळेल का, कधी मिळेल, तोवर नियम आणखी किती वेळा बदलतील, हे आजही कुणी सांगू शकत नाही. आमच्या तिघांतला एकजण मे महिन्यात सामान आवरून परतही गेला. सुनीताने सोफा घेतला, पण दुसऱ्याने वापरलेला. "विकावा लागला तर जीव तुटायला नको," म्हणाली. पोरीला मात्र सांगितले, ठरलं. निदान शाळा बदलायची नाही एवढे तरी.

एक जूनला कचेरीत केक आला, या वेळी दोघांनीच कापला. मग आण्याला फोन लावला. तासभर लाइन लागेना. शेवटी लागली तर सून म्हणाली, "आज सकाळपासनं फोन खालीच ठिवता येत न्हाई. सगळ्यांचाच वाढदिवस की!" गुरुजी फोनवर आले.

"बोल, कोन?"

"बबन, गुरुजी. नमस्कार करतो. राहिलो हो मी. साहेबाला विचारलं."

"बरं केलंस. किती पुरी झाली आज?"

"तेहेतीस."

"शाब्बास. पाठ हाय तुजं," ते म्हणाले. पाठीमागे सून हसल्याचे ऐकू आले. "आता पौषात ये आमटीला. तवा खरं इचारीन."