रामलिंगची उतरण

आम्ही दोघं डोंगर बघायला निघालो होतो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. त्या काळी नवरा-बायकोनं देवाला जावं, लग्नाला जावं, मयताला जावं. नुसतं डोंगर बघायला? लोकांनी वेड्यात काढलं असतं. म्हणून सासूबाईंना सांगितलं, येरमाळ्याच्या येडेश्वरीला जातो, मग तुळजापूर करून येतो. सासूबाई लई खूश झाल्या. ओटीचं सामान त्यांनी स्वतःच्या हातानं बांधून दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण मी ते उचलून पिशवीत ठेवलं.

आमचे मालक धाराशिवला सरकारी शाळेत मास्तर होते. मीही त्यांना मास्तरच म्हणते. निजामाचं राज्य, शाळा सगळी उर्दूतनं. मास्तर भूगोल शिकवायचे. फळ्यावर खडूनं अशी दरी काढायचे, की पोरं बघत राहायची. स्वतः मात्र गावाशेजारची लेणीसुद्धा नीट बघितली न्हवती. बघू की, कुठं पळून चाललीत, म्हणत वर्षं गेली.

पळून चालले ते डोळे. आधी दिवेलागणीनंतर दिसेना. उंबऱ्याला ठेचा, तांब्याला लाथा. मी चिडायचे, "अहो, जरा बघून चाला की!" मला काय ठाऊक? मग दिवसासुद्धा बाजूचं दिसेना. बोरूच्या नळीतनं बघावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, तेही ऊन असलं तर. सोलापूरच्या डॉक्टरानं बॅटरी मारून मारून बघितलं आणि सांगितलं, उपाय न्हाई. वर्षभर दिसलं तर नशीब म्हणा.

घरी आल्यावर मास्तर माजघरात हळूच म्हणाले, "शाळेत कळलं की नोकरी खलास. आईलाबी सांगू नको, तिच्या पोटात काही राहत न्हाई. मी रुखसत काढतो, रजा. आपण दोघं फिरू. आधी इथली लेणी, मग रामलिंगची घळ, आणि शेवटी नळदुर्ग. तिथल्या किल्ल्याच्या बंधाऱ्यातल्या पाणीमहालावरनं पाणी पडताना एकदा बघितलं, की माझी काही तक्रार न्हाई."

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडतीस काय? गाडीवान ठरवायला पाहिजे."

छपराची बैलगाडी, दमणी ठरली. दशम्या, शेंगाची चटणी, पाण्याची घागर घेऊन आम्ही निघालो. गाव मागं पडलं तसे मास्तर पोरासारखे झाले. गाडीवानाला सारखं थांबवायचे आणि एकेक टेकडी मान फिरवून, तुकड्या-तुकड्यानं बघून घ्यायचे. आम्ही दोघं एवढं बोललो न्हवतो लग्न झाल्यापासून. एकत्र घरात कुठं बोलायचं?

लेण्यांपाशी उतरायची वाट अरुंद. गाडीवान बैलांपाशी थांबला. आसपास चिटपाखरू न्हवतं. तिथं आम्ही ती रीत बसवली. मी पुढं चालायचं, हात मागं धरायचा. मास्तरांनी माझी दोन बोटं पकडायची. मी बोलत राहायचं. पायरी. दगड. आता डावीकडं. वाकून. लग्नानंतर मी पहिल्यांदा नवऱ्याच्या पुढं चालत होते. सुरुवातीला पाय अडखळत होते, त्यांचे न्हवे, माझे. मास्तर हसले, "बाईसाहेब, फौज तुमच्या मागं आहे, चला." खालची दरी त्यांनी ऊन उतरेपर्यंत बघितली. मला म्हणाले, "मी पोरांना चुकीची शिकवली गं. दरी उलटी असते. वरनं बघताना डोंगर आपल्या पायाखाली असतो, खडूनं कसा काढायचा?" मला त्यातलं काही कळलं न्हाई. पण त्यांचा चेहरा बघून मला वाटलं, चला, एक तरी पदरात पडलं.

दुसऱ्या दिवशी येडशीत मुक्काम करून आम्ही तिसऱ्या दिवशी रामलिंगला गेलो. देऊळ खाली घळीत, चारी बाजूंनी झाडी, पाण्याचा आवाज वरपर्यंत येतो. दुपार कलली होती. अशा वेळी खाली उतरू नये, हे मला सुचायला पाहिजे होतं. वर लख्ख ऊन असलं, तरी घळीत सावली लवकर पडते, आणि सावली म्हणजे मास्तरांना रात्रच. पण त्यांनी ऐकलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही घाई झाली होती. आम्ही उतरायला लागलो. बोटं पकडलेली. पायरी. मूळ आहे, पाय उचला. उजवीकडं कडा आहे, माझ्या मागं राहा.

तो सोमवार होता. महादेवाचा वार. घरातली पूजा मी करायचे, वार माझ्या बोटावर असायचे, आणि नेमका तो सोमवार माझ्या डोक्यातनं गेला. वळणावर खालनं बायकांचा आवाज आला आणि चेहरे दिसले, तर आमच्याच गल्लीतल्या तिघीजणी! दर्शन करून वर येत होत्या.

त्यातली एक म्हणाली, "अगं बाई! मास्तरीणबाई पुढं आणि मास्तर मागं?"

आणि हसल्या. वाईट हसणं न्हवतं ते. थट्टा होती.

मी बोटं सोडवून घेतली. मास्तर काही म्हणाले न्हवते. मीच. पटकन बाजूला झाले, पदर डोक्यावर घेतला आणि मास्तरांच्या मागं चार पावलं जाऊन उभी राहिले. माझ्या मनात नोकरी होती, त्यांचं गुपित होतं, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगितलंय. खोटं आहे ते. मला लाज वाटली, बस. जळो ती लाज.

मास्तरांनी हात जोडले. "दर्शन झालं का?" म्हणाले, डोळस माणसासारखे. बायका वर निघून गेल्या. मास्तर पुढं चालायला लागले. मला त्यांच्या टाचा दिसत होत्या. टाचा जरा थांबल्या आणि परत निघाल्या. पुढच्या वळणावर वाटेची कड पावसानं खचली होती. मी "अहो" म्हणेपर्यंत ते न्हवते.

मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून चार महिने हलायचं न्हाई म्हणून सांगितलं. मास्तरांना जेवढं दिसायचं शिल्लक होतं, तेवढं सगळं माळवदाच्या लाकडांकडं बघण्यात गेलं. नळदुर्ग राहिलं. शाळेतला माणूस भेटायला आला, त्याच्यासमोर मास्तरांनी चहाचा कप पाटावर ठेवायच्या ऐवजी हवेत सोडला, आणि नोकरीही गेली.

त्या तिघींकडनं कळल्यावर सासूबाईंनी मला लई बोल लावले. "त्याला दिसत न्हवतं, हे तुला ठाऊक होतं. मग तू मागं कशी राहिलीस गं, सटवे?" पडल्या पडल्या मास्तर म्हणाले, "आई, तिला बोलू नको. मीच तिला मागं हो म्हणालो."

मी भाजी निवडत होते, निवडत राहिले. ते खोटं मी पदरात घेतलं आणि त्यावर जगले.

पुढं निजामाचं राज्य गेलं. गल्लीत लोक नाचत होते, घरातलं झाडून सगळं माणूस रस्त्यावर गेलं होतं. आम्ही दोघंच घरात. मास्तरांना आता ऊन-सावलीसुद्धा कळत न्हवती. त्या गलक्यात मला काय झालं कुणास ठाऊक, मी त्यांच्या अंथरुणापाशी बसले आणि म्हणाले, "अहो, त्या दिवशी तुम्ही मला मागं हो म्हणाला न्हवता."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. आवाजात राग न्हवता. राग असता तर बरं झालं असतं. "बायका वर गेल्या, मग मी थांबलो होतो. हात मागं केला, तू धरशील म्हणून. परत एकदा केला. मग वाटलं, अजून कुणीतरी बघत असेल, म्हणून तू येत न्हाईस. म्हणून मग पाऊल टाकलं."

कुणी बघत न्हवतं. मी नाकापर्यंत पदर ओढून, खाली मान घालून उभी होते.