बिनभेगेचा दगड

निमगाव सावाच्या कुंडलिकअण्णांनी तीस वर्षं विहिरी खोदल्या. रोज सकाळी विहिरीत पहिले तेच उतरायचे आणि पहारीनं चारी बाजूंची दरड ठोकून बघायचे. आवाज खणखणीत आला तर बाकीच्यांनी उतरायचं, बद्द आला तर कुणी पाय खाली घालायचा नाही. मी वर यारीवर, दगड उपसायचं काम माझं. अण्णांच्या कानावर आमचे जीव टांगलेले, आणि तो कान सुरुंगांनी केव्हाच खाल्ला होता. मान जाईल म्हणून त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. मला अजून त्यांचा राग येतो.

त्यांची मुलगी संस्कृती अवसरीला शिकली आणि पुण्यात संशोधनाला लागली. तिनं एक सॉफ्टवेअर लिहिलं होतं. जमिनीखाली हजार-दोन हजार किलोमीटरवर, भयंकर दाबात नि उष्णतेत खनिजं किती ताठ होतात, त्यांतून आवाज किती वेगानं पळतो, ते त्यातून निघायचं. अण्णांना त्यातलं एवढंच कळलं, की पोरीची मशीन दगडाचा आवाज ऐकते.

गेल्या उन्हाळ्यात येडगावात विहिरीचं काम चालू होतं. संस्कृती सुट्टीला आलेली. अण्णांनी दरडीचा तुकडा रुमालात बांधून आणला आणि तिच्यापुढं ठेवला.

"बघ गं, कसा वाजतोय ह्यो."

अण्णांना आपल्या कामाचं कौतुक वाटतंय, असं तिला वाटलं. तिनं हौसेनं त्यातली खनिजं भरली, दाब विहिरीतला धरला आणि कागद छापून दिला.

"सेकंदाला सहा किलोमीटर, अण्णा. एक नंबर दगड!"

एक गोष्ट तिच्याकडून सांगायची राहिली. तिचं गणित बिनभेगेच्या दगडाचं होतं. हजार किलोमीटर खोलवर दाबानं भेगा मिटूनच जातात, म्हणून तिनं त्या धरल्याच नव्हत्या; आणि विहिरीची दरड सुटते ती भेगांनीच.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दरड ठोकली. बद्द! मला वरपर्यंत ऐकू आलं. अण्णांनी मात्र हात केला, या खाली. त्यांच्यापुढं बोलायची माझी छाती झाली नाही, आणि त्यासाठी मी स्वतःला कधी माफ करणार नाही. भिका त्यांचा जन्माचा जोडीदार. तो उतरल्या उतरल्या म्हणाला, "बद्द वाजला की राव!"

अण्णांनी त्याच्या ओठांकडं बघितलं आणि टोपीतला कागद काढून दाखवला. "पोरीच्या मशिनीनं सांगितलंय. लई पक्का हाय."

दहाच्या सुमारास दरड सुटली. भिका ओरडला, "कुंडलिक, सरक!" सगळे पळाले. अण्णा पाठमोरे, तसेच उभे. भिका परत फिरला, त्यांना ढकललं आणि स्वतः दगडाखाली गेला. यारीनं त्याला मीच वर काढलं.

अण्णांचे कान गेलेत, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. संस्कृतीलाही.

तेराव्याला आम्ही तिघं भिकाच्या घरी गेलो. त्याची बायको कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिनं अण्णांना विचारलं, "भावजी, त्यांनी तुमाला हाक मारली व्हती का?"

अण्णा माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मी तोंड फिरवलं. मग संस्कृतीनं त्यांच्या टोपीतून तोच कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर प्रश्न लिहिला आणि त्यांच्या हातात दिला. अण्णांनी तो दोनदा वाचला.

"मारली असंल," ते म्हणाले.