काकूंच्या कॅन्टीनचा पहिला कर

आम्हाला नववी-दहावीला वाणिज्य शिकवणाऱ्या सरांना सगळी शाळा 'वजावट सर' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी ते नाव पुटपुटलं, तेव्हा सर फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "नाव घेतोस तर अर्थही सांग." तो मुलगा उभा राहिला आणि तास संपेपर्यंत उभाच राहिला.

सर उंच, सडपातळ, एकसुरी आवाजाचे. त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं, चिडतानाही नाही. भांडवल, नफा, घसारा हे शब्द ते बसचं वेळापत्रक वाचावं तसे सांगत.

एका वर्षी शाळेच्या कॅन्टीनचा कंत्राटदार मध्येच काम सोडून गेला. शेगडी त्याची होती म्हणून त्याने शेगडी नेली. बाकडी शाळेची होती, तीही नेली. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्टाफरूममध्ये सरांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तुम्ही इतकी वर्षं मुलांना धंदा शिकवताय. मग चालवा की कॅन्टीन."

"शिकवणं वेगळं, बाई."

"वेगळं कसं? पुस्तकात आहे तेच करायचं."

यावर सर कॅन्टीन घ्यायला तयार झाले, कारण पुस्तक उत्तम आहे असं तेच सगळ्यांना सांगत आले होते. नोकरीत असताना शिक्षकाला धंदा करायची परवानगी नव्हती, म्हणून कंत्राट त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, नावावर झालं.

काकू घरी शिवणकाम करायच्या. अंगाने ठेंगण्या, तोंडाने खणखणीत. पुढचं बरंचसं आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं, कारण चहा गाळताना त्या गप्प बसू शकत नसत.

वॉशिंग मशीनसाठी साठवलेले पैसे काढून त्यांनी शेगडी, मोठी किटली, पातेली आणि बाकडी घेतली.

"हे पैसे परत कधी मिळणार?" काकूंनी विचारलं.

"ते भांडवल आहे. मालकाने घातलंय, मालक मागेल तेव्हा."

"मालक कोण?"

"तू."

"मग मी आत्ताच मागते."

"आत्ता त्याची किटली झालीय," सर म्हणाले.

कॅन्टीन चाललं. पाव, उकडलेली अंडी, केळी आणि चहा. चहा चांगला असायचा. सरांनी एका कपाचा खर्च काढून दिला होता: दूध, साखर, पावडर, गॅस. जितके कप जास्त तितका हा खर्च जास्त. जागेचं भाडं मात्र कप विकला काय, न विकला काय, तेवढंच. सुट्टी लागली तेव्हा काकूंना हे नीट कळलं. शाळेला कुलूप, एक कप विकलेला नाही, आणि भाड्याचं बिल दारात हजर.

"भाड्याला सुट्टी नसते का हो?"

"म्हणून त्याला स्थिर खर्च म्हणतात."

वर्षअखेरीस सर हिशेब करायला बसले. दुपारची वेळ होती, काकू शेजारी भेंडी चिरत होत्या. सरांनी किटलीचा घसारा लावला. काकूंना ते अजिबात पटलं नाही.

"रोज घासून आरशासारखी ठेवलीय मी. झिजली कुठे?"

"वापराने तिची किंमत उतरते. दर वर्षी थोडा भाग खर्चात धरायचा. तुझ्या फायद्याचंच आहे."

"मग लावा. पण तिच्यादेखत बोलू नका."

सगळे खर्च वजा झाले. सरांनी आकडा पुन्हा तपासला आणि म्हणाले, "नफा झालाय. चांगला झालाय."

काकूंनी सुरी खाली ठेवली. उठून त्यांनी गल्ल्याचा डबा उघडला. आत दुधवाल्यापुरते पैसे होते आणि एक तुटकं बटण.

"नफा झालाय, तर तो आहे कुठे?"

"स्टाफरूममध्ये."

"तिथे काय करतोय?"

"चहा पितोय."

ते खरंच होतं. मुलं रोख द्यायची. शिक्षक म्हणायचे, "मांडून ठेवा." मोठ्या बाईंच्या बैठकांचा चहा मांडलेला होता, पालकसभेचा मांडलेला होता. चित्रकलेचे सर आणि खेळाचे सर तर दोन्ही मधल्या सुट्ट्यांत मांडून जात.

आणि या नफ्यावर कर होता. शिवणकाम आणि कॅन्टीन मिळून काकूंचं उत्पन्न पहिल्यांदाच करमुक्त मर्यादेच्या वर गेलं होतं.

"पण पैसे मिळालेच नाहीत मला!"

"उधारीवर विकलं तरी विकलंच. चहा दिला त्या दिवशी उत्पन्न झालं. रोख हातात पडेल तेव्हाच उत्पन्न धरायचं, अशीही एक पद्धत असते. आपण ती निवडली नाही."

"आपण?"

"मी," सर म्हणाले. "पुस्तकात पहिली हीच आहे."

काकूंनी सुरी पुन्हा उचलली. उरलेली भेंडी चिरली, पातेलं चढवलं, आणि त्या दिवशी शिवणयंत्राचं झाकण उघडलंच नाही. काकू गप्प आहेत हे जेवताना सरांच्या लक्षात आलं. ते दोनदा म्हणाले की भाजी छान झालीय. भाजी जळली होती.

शाळेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. खेळाचे सर सल्ला द्यायला आले. "मर्यादेच्या जरासं वर गेलं की सगळ्याच कमाईवर कर बसतो. त्यापेक्षा उधारी दाखवूच नका."

"सगळ्यावर बसत नाही," सर म्हणाले. "मर्यादेच्या वर जेवढं जातं, तेवढ्यावरच. आणि कायद्यात बसवून कर कमी करणं म्हणजे नियोजन, लपवून कमी करणं म्हणजे चोरी. दोन गुणांचा प्रश्न आहे, दर वर्षी येतो."

खेळाचे सर चहा पिऊन गेले. तोही मांडला.

त्याच आठवड्यात दहावीला 'येणी', म्हणजे लोकांकडून यायचे पैसे, हा धडा होता. सरांनी कुणाचं नाव न घेता काकूंचा अख्खा हिशेब फळ्यावर लिहिला. विक्री, खर्च, नफा, गल्ल्यातली रोकड, आणि शेवटी येणं. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"सर, हे पैसे देणारे लोक कसे आहेत?"

"अब्रूदार आहेत."

"मग देत का नाहीत?"

"कुणी मागितले नाहीत."

"का नाही मागितले?"

सर थांबले. खडू हातातच राहिला. मग त्याच एकसुरी आवाजात ते म्हणाले, "लाज वाटते म्हणून," आणि फळा न पुसता तासाआधीच निघून गेले.

घरी जाऊन त्यांनी काकूंना हेच सांगितलं. काकू म्हणाल्या, "अहो, मग आधी बोलायचं ना! मला कुठे वाटते?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत काकू किटली घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. किटली टेबलावर ठेवली आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. कप पुढे आले. काकू हलल्या नाहीत.

"आज चहा नाही. मला कर भरायचाय."

मोठ्या बाई हसल्या. "अहो, शाळेची उधारी म्हणजे काय, घरचंच की!"

"घरचंच असतं तर कर लागला नसता, बाई."

आधी गणिताच्या बाईंनी पर्स उघडली. मग पर्सा आणि पाकिटं उघडण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मोठ्या बाईंनी शाळेच्या खात्यातून बैठकांचे पैसे दिले, आणि ते आपल्याला केव्हापासून द्यायचेच होते असंही सांगितलं. चित्रकलेच्या सरांकडे पैसे नव्हते. त्यांनी त्याऐवजी कॅन्टीनच्या भिंती रंगवून दिल्या. एका भिंतीवर समुद्र काढला, त्यातलं जहाज जरा बसक्या किटलीसारखं दिसायचं. सरांनी ती उधारी वसूल झाली असं लिहिलं. खेळाचे सर मात्र बदली होऊन लांबच्या शाळेत गेले आणि त्यांनी पत्रांना उत्तर दिलं नाही. तेवढं येणं सरांनी पुढच्या वर्षीच्या हिशेबात बुडीत म्हणून खर्ची टाकलं. त्या वर्षीचा नफा तितका उतरला, करही थोडा उतरला.

"म्हणजे त्यांचाही उपयोग झाला म्हणायचा," काकू म्हणाल्या.

"कर थोडाच वाचला. पैसे सगळेच गेले," सर म्हणाले.

पहिला कर मात्र मुदतीत, पूर्ण भरला गेला. पुढच्या वर्षी शिक्षकांनी महिन्याच्या सुरुवातीला पैसे देऊन कुपनं घ्यायची, असं काकूंनी ठरवलं. ते पैसे हातात आले तरी चहा देईपर्यंत आपलं उत्पन्न नाही, उलट आपलंच देणं आहे, हे सरांनी समजावलं. काकू म्हणाल्या, "असलं देणं चालेल मला."

आता त्यांची तीन कॅन्टीनं आहेत, त्यातलं एक इस्पितळात. कामाला पाच बायका आहेत. सर निवृत्त झाले आणि तिथेच हिशेब बघतात. काकू त्यांना पगार देतात, तो खर्चात धरतात, आणि त्या पगाराचं विवरणपत्र सर वेगळं भरतात. कर भरायला मात्र काकू स्वतः जातात. हल्ली घरबसल्या भरता येतो असं सरांनी सांगून पाहिलं. काकू ठेवणीतले कपडे घालून कार्यालयात जातात, रांगेत उभ्या राहतात आणि पुढच्या-मागच्यांना घसारा समजावतात. सर बाहेरच्या बाकावर त्यांची पिशवी सांभाळत बसलेले असतात.